मैदान तुमचे, इनाम तुमचे, मग मल्लाची मान कुणाची? यात्रा कमिट्या आणि कुस्ती आयोजकांना खुले पत्र

प्रति,
सोलापूर जिल्ह्यातील सर्व यात्रा कमिट्या व कुस्ती मैदानांचे आयोजक,
जिल्ह्यातील तालीम संघांचे पदाधिकारी,
आणि मा. जिल्हा क्रीडा अधिकारी, सोलापूर.

स. न. वि. वि.

यात्रांचा हंगाम तोंडावर आला आहे. या हंगामातील मैदानांच्या तारखा ठरवण्यासाठी आमच्या भागातील आयोजकांची जी बैठक झाली, तिच्यात काही वस्तादांनी एक साधी सूचना मांडली होती. प्रत्येक मैदानावर एक डॉक्टर व एक रुग्णवाहिका असावी आणि त्या दिवशी मातीत उतरणाऱ्या प्रत्येक मल्लाचा अपघात विमा आयोजकांनी काढावा, एवढीच ती सूचना होती. "खर्च झेपणार नाही, पुढच्या वर्षी बघू," असे म्हणून ती बाजूला ठेवण्यात आली. त्याच बैठकीत शेवटच्या, म्हणजे सर्वांत मोठ्या कुस्तीचे इनाम वाढवण्याचा आणि मैदानाचे यूट्यूबवर थेट प्रक्षेपण करण्याचा निर्णय मात्र कुणाचाही विरोध न होता झाला. हे दोन्ही निर्णय एकाच सतरंजीवर बसून झाले, म्हणून हे पत्र बंद पाकिटात न पाठवता सर्वांसमोर लिहीत आहे.

मी सोलापूर शहरात एक लहानशी तालीम चालवतो. तरुणपणी मीही याच जिल्ह्यातील मैदाने केली, फेटे बांधून घेतले, खांद्यावरून मिरवलो. कुस्तीने मला नाव दिले आणि पुढे पोटापाण्याची नोकरीही दिली. त्यामुळे कुस्तीची बदनामी व्हावी असा माझा हेतू कुणी समजू नये. बोरामणीच्या शेख घराण्यातून इस्माईल, आप्पालाल आणि मुन्नालाल असे तीन महाराष्ट्र केसरी, अनुक्रमे १९८०, १९९२ आणि २००२ साली, ज्या जिल्ह्याने पाहिले, त्या जिल्ह्यात कुस्तीचे महत्त्व कुणाला सांगावे लागत नाही. सांगावे लागते ते वेगळेच. मैदान हा आता उत्सवापेक्षा व्यवसाय अधिक झाला आहे, आणि त्या व्यवसायात मंडपवाला, ध्वनिक्षेपकवाला, निवेदक, हलगीवाला, प्रक्षेपणवाला अशा प्रत्येकाचा हिशेब आधी ठरतो. मल्लाच्या शरीराची जबाबदारी मात्र कुणाच्याही वहीत लिहिलेली नसते.

माझ्या तालमीतला एक मुलगा गेल्या हंगामात एका गावच्या मैदानात उतरला होता. वय १९. वडील पूर्व भागातील एका यंत्रमाग कारखान्यात कामाला. गावाचे नाव मी येथे घेत नाही, कारण जे त्या गावात झाले ते कुठल्याही गावात होऊ शकले असते. जोड डोळ्यांच्या अंदाजाने लावली गेली आणि समोरचा मल्ल त्याच्याहून निदान १५ किलोंनी भारी होता. ढाक हा डाव बसला, मुलगा डोक्यावर आला आणि उठला नाही. कुठे काय दुखावले असेल याचा विचार न करता दोघांनी त्याला काखेत धरले, दोघांनी पाय धरले आणि आखाड्याबाहेर नेले. नेताना त्याची मान मागे लोंबत होती. मान स्थिर ठेवा, फळी आणा, असे मी ओरडत होतो, पण हलगीपुढे माझा आवाज कुणाच्या कानापर्यंत गेला नाही. निवेदकाने पुढची जोड पुकारली होती. मुलाला 'छोटा हत्ती' टेम्पोच्या हौद्यात पोत्यांवर झोपवून सोलापूरला आणले, त्यात दीड तास गेला. मानेच्या मणक्यावर शस्त्रक्रिया झाली. आज तो चालतो, बोलतो. पण उजव्या हाताची पकड गेली आहे आणि चहाचा कप त्याला दोन्ही हातांनी धरावा लागतो. कमिटीची माणसे एकदा घरी येऊन शाल, श्रीफळ आणि ५ हजारांचे पाकीट देऊन गेली. उरलेला खर्च वडिलांनी आईचे दागिने मोडून आणि कारखान्याच्या मालकाकडून उचल घेऊन भागवला. ती उचल अजून फिटलेली नाही.

म्हणून माझी पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार उपचारांविषयी आहे. आपल्या राज्यात बैलगाडा शर्यत भरवायची असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, अनामत रक्कम भरावी लागते आणि बैल धावण्यास योग्य असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला जोडावा लागतो. ते योग्यच आहे, मुक्या जनावराची काळजी घेतलीच पाहिजे. मग त्याच यात्रेत, त्याच दिवशी, त्याच कमिटीच्या मैदानात उतरणाऱ्या माणसाला कुणी डॉक्टर तपासत का नाही? दहीहंडीच्या गोविंदांसाठी शासनाने २०२२ पासून विमा व आर्थिक साहाय्याचा मार्ग काढला. थरावरून पडणाऱ्या गोविंदाची मान आणि ढाकेत सापडलेल्या मल्लाची मान सारखीच मोडते. खर्चाचे कारण मला मान्य नाही. १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेसाठी आणि जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांसाठी आधीपासून लेखी मागणी करता येते, आणि एका दिवसाच्या गट विम्याचा हप्ता शेवटच्या कुस्तीच्या इनामातील लहानशा हिश्श्यात भागू शकतो. १९५२ साली खाशाबा जाधवांना हेलसिंकीला पाठवण्यासाठी लोकांनी वर्गणी काढली आणि त्यांनी स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक आणून दिले. वर्गणी काढण्याची आपली परंपरा जुनी आहे. त्या वर्गणीतला पहिला खर्च कोणता धरायचा, एवढाच प्रश्न आहे.

आपली मुले मोबाईलवर अमेरिकेतील डब्ल्यूडब्ल्यूई या कंपनीचे व्यावसायिक कुस्तीचे खेळ पाहतात आणि आता काही आयोजकही तसाच झगमगाट, तसेच प्रवेश-संगीत आणि तशाच घोषणा आपल्या मैदानात आणू पाहत आहेत. त्या धंद्याने माणसांचे काय केले, हेही आपण एकदा वाचावे अशी माझी विनंती आहे. २३ मे १९९९ रोजी कॅन्सस सिटीच्या केम्पर अरीनात ओवेन हार्ट नावाचा मल्ल छतावरून दोराने खाली उतरत असताना सुटून रिंगमध्ये पडला आणि मरण पावला. कार्यक्रम त्या रात्री थांबवला गेला नाही, पुढच्या कुस्त्या त्याच रिंगमध्ये झाल्या. तिथले मल्ल वर्षानुवर्षे कंपनीचे नोकर धरले जात नाहीत, स्वतंत्र कंत्राटदार म्हणून करारबद्ध केले जातात, त्यामुळे नोकरदाराला मिळणारे संरक्षण त्यांना मिळत नाही. २००७ मध्ये ख्रिस बेन्वा या नामांकित मल्लाने पत्नीचा व लहान मुलाचा जीव घेऊन आत्महत्या केली. त्याच्या मेंदूची तपासणी करणाऱ्या डॉक्टरांनी तो मेंदू अल्झायमर झालेल्या वृद्धाच्या मेंदूसारखा झिजला असल्याचे सांगितले. डोक्यावर खुर्ची मारण्यास बंदी आली ती त्यानंतर, २०१० मध्ये. तरीही त्या कंपनीबद्दल एक गोष्ट मान्य करावी लागते. रिंगमध्ये झालेल्या दुखापतीच्या उपचारांचा खर्च ती उचलते. आपण तेवढेही करत नाही.

दुसरी तक्रार इंजेक्शनांची. ही सर्वांना माहीत आहे आणि कुणीही मोठ्याने बोलत नाही. मेफेनटरमाईन हे औषध शस्त्रक्रियेच्या वेळी भूल दिल्यावर रुग्णाचा रक्तदाब घसरला तर तो वर आणण्यासाठी भूलतज्ज्ञ वापरतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाही. तेच 'टर्मिन' या नावाने व्यायामशाळांच्या आणि तालमींच्या आसपास विकले जाते, आणि पुणे-सांगलीकडे पोलिसांनी त्याचे साठे वेळोवेळी पकडले आहेत. मैदानाच्या कडेला, कपडे बदलण्यासाठी लावलेल्या कनातीमागे, मी स्वतः वापरलेल्या सुया पडलेल्या पाहिल्या आहेत. घेतलेला मुलगा ओळखू येतो. बुबुळे मोठी झालेली असतात, ओठ कोरडे पडलेले असतात आणि लंगोट आवळतानाही बोटे थरथरत असतात. दम लागल्याचे त्याला कळतच नाही, म्हणून थांबायचे कुठे हेही कळत नाही, आणि एप्रिल-मेच्या सोलापुरी उन्हात हृदयावर त्याचा काय ताण पडत असेल हे कुठलाही डॉक्टर सांगेल. अंग फुगवण्यासाठी घेतलेल्या स्टेरॉईडची गोष्ट वेगळी नाही. यकृत, हृदय, वंध्यत्व, डोक्यात बसणारा संताप, या सगळ्याची किंमत मल्ल तिशी ओलांडल्यावर मोजतो आणि तोवर टाळ्या वाजवणारे घरी गेलेले असतात.

अमेरिकेतही हेच झाले होते. मल्लांना स्टेरॉईड पुरवल्याबद्दल १९९१ मध्ये पेनसिल्व्हेनियातील एका डॉक्टरला न्यायालयाने दोषी ठरवले, तरी धंदा तसाच चालू राहिला. नोव्हेंबर २००५ मध्ये एडी गरेरो हा मल्ल ३८ व्या वर्षी हृदयविकाराने गेला, तेव्हा कुठे २००६ मध्ये कंपनीने नियमित तपासणीचे धोरण आणले. आपल्याकडे तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेल्या नरसिंग यादवला २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिकच्या आखाड्यात उतरण्याच्या तोंडावर उत्तेजक चाचणीमुळे ४ वर्षांची बंदी आली. आपल्या अन्नात कुणीतरी ते मिसळले, हे त्याचे म्हणणे आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने स्वीकारले नाही. राष्ट्रीय स्पर्धेत चाचणी तरी होते. गावच्या मैदानात चाचणीचे पथक येत नाही, म्हणून तिथे सगळे चालते असा समज झाला आहे. आज इंजेक्शन घेऊन ५० हजारांची कुस्ती मारणारा मुलगा उद्या राष्ट्रीय निवड चाचणीत उभा राहील, तेव्हा त्याचे काय होईल हे त्याच्या वस्तादाने त्याला आजच सांगायला हवे. आणि जे वस्ताद हे पाहूनही गप्प बसतात, त्यांनी तालमीतल्या मारुतीसमोर उभे राहून स्वतःला विचारावे.

तिसरी गोष्ट ठरवून केलेल्या कुस्त्यांची. मोठ्या नावाचा मल्ल हवा, त्याचे नाव पत्रकावर हवे, पण तो पडता कामा नये म्हणून जोड अशी लावायची की निकाल आदल्या रात्रीच ठरलेला असावा, किंवा दोघांनाही समजावून अर्ध्या तासाने कुस्ती बरोबरीत सोडवायची, हे प्रकार वाढले आहेत. १९८९ मध्ये न्यू जर्सी राज्यात अमेरिकन व्यावसायिक कुस्तीच्या मालकांनी आपला खेळ ही स्पर्धा नसून करमणूक आहे, अशी कबुली दिली. त्यामागे राज्याच्या क्रीडा आयोगाची देखरेख आणि कर टाळण्याचा हेतू होता आणि त्या कबुलीनंतर मल्लांची सामन्यापूर्वीची वैद्यकीय तपासणीही बंधनकारक राहिली नाही. पण निदान प्रेक्षकाला तो काय पाहतो आहे हे कळले. आपण मात्र पत्रकावर 'निकाली कुस्ती' छापतो. दुष्काळी गावातला शेतकरी भाड्याच्या जीपने येऊन, दुपारपासून उन्हात बसून जी कुस्ती पाहतो, ती खरी असावी एवढा त्याचा हक्क आहे. ज्या मल्लाला पडण्याचे पैसे मिळतात त्याचीही यात फसवणूकच होते. दोन-तीन हंगामांत त्याचे नाव बाद होते आणि मग त्याला कुणी पडण्यासाठीसुद्धा बोलवत नाही.

पैशांविषयी थोडक्यात लिहितो. पत्रकावर छापलेले १ लाखाचे इनाम मल्लाच्या हातात किती पडते, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. देणगीदाराने रक्कम जाहीर करायची, फोटो काढायचा आणि नंतर फोन उचलायचा नाही, असे घडते. कधी कमिटी 'गावाच्या कामासाठी' कापून घेते. चांगला खुराक म्हणजे दूध, तूप, बदाम, फळे, मांस धरून महिन्याला २० ते २५ हजारांच्या घरात जातो, आणि तो भागवण्यासाठी घरच्यांनी जनावरे विकलेली असतात. महाराष्ट्र केसरी, हिंदकेसरी झालेल्यांना शासन मानधन देते. जो कधीच केसरी होत नाही, पण ज्याच्या जिवावर तुमच्या मैदानाच्या पहिल्या साठ कुस्त्या होतात, त्याला ठरलेले इनाम त्याच संध्याकाळी, पूर्ण मिळावे ही काही मोठी मागणी नव्हे.

तालीम संघांना आणि वरच्या संघटनांना एवढेच सांगतो की, आपापसांतील भांडणांनी मुलांचे नुकसान होत आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र केसरीची एक स्पर्धा पुणे जिल्ह्यातील फुलगावात झाली आणि दुसरी त्याच महिन्यात धाराशिवमध्ये. २०२५ मध्ये एक अहिल्यानगरला आणि दुसरी त्याच जिल्ह्यातील कर्जतला. अहिल्यानगरच्या स्पर्धेत पंचांच्या निर्णयावरून वाद होऊन पंचाला लाथ मारली गेली आणि त्यातून शिवराज राक्षे आणि आपल्या जिल्ह्यातील महेंद्र गायकवाड या मल्लांवर ३ वर्षांची बंदी आली. पंचाला लाथ मारणे मला कधीही मान्य होणार नाही. पण मल्लाला शिक्षा तात्काळ होते, पंचाच्या निर्णयाची तपासणी मात्र रेंगाळते आणि मल्लाचे दाद मागण्याचे ठिकाण कुणाला सांगता येत नाही, हे तितकेच चुकीचे आहे. २५ व्या वर्षी मल्लाची ३ वर्षे जाणे म्हणजे त्याची निम्मी कारकीर्द जाणे होय.

मुलींच्या कुस्त्या आता प्रत्येक मोठ्या यात्रेत लावल्या जातात, पत्रकावर त्यांचे फोटोही मोठे छापले जातात. त्यांना कपडे बदलायला बंद खोली नसते, स्वच्छतागृह नसते, गाडीच्या काचांना टॉवेल लावून त्या तयार होतात. २०२३ मध्ये देशासाठी पदके जिंकलेल्या महिला मल्लांना जंतरमंतरवर बसावे लागले, कारण त्यांची लैंगिक छळाची तक्रार ऐकून घेणारे खात्रीचे दार त्यांना संघटनेत मिळाले नव्हते. ज्यांची नावे जगाला माहीत आहेत त्यांची ही अवस्था असेल, तर माढ्याच्या किंवा सांगोल्याच्या पंधरा वर्षांच्या मुलीने कुणाकडे जावे? महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्यानुसार जिल्ह्यात स्थानिक तक्रार समिती असते. तिचा पत्ता व दूरध्वनी प्रत्येक तालमीच्या भिंतीवर लावण्यास एक कागद आणि थोडी खळ पुरते.

आता माझ्या मागण्या.

ज्या मैदानावर डॉक्टर, रुग्णवाहिका, मान स्थिर ठेवण्याचा पट्टा आणि कडक फळी नसेल, त्या मैदानास जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाने व पोलिसांनी परवानगी देऊ नये. तशी अट परवानगीच्या अर्जातच घालावी. त्या दिवशी उतरणाऱ्या सर्व मल्लांचा, अगदी नारळाच्या इनामावर कुस्ती खेळणाऱ्या लहान मुलांचाही, अपघात विमा आयोजकांनी काढावा आणि गोविंदांप्रमाणे मल्लांसाठीही शासनाने योजना आणावी म्हणून जिल्ह्यातून एकत्रित प्रस्ताव पाठवावा.

जोड लावताना वजनकाटा ठेवावा. धान्याचा काटा प्रत्येक गावात असतो, तोही चालेल. वजनातील फरकाची मर्यादा तालीम संघाने ठरवून जाहीर करावी.

अन्न व औषध प्रशासनाच्या अधिकाऱ्यांना मोठ्या मैदानांच्या दिवशी बोलवावे, आणि सर्वांत मोठ्या इनामाच्या पाच कुस्त्यांतील मल्लांची उत्तेजक चाचणी राष्ट्रीय यंत्रणेकडून व्हावी यासाठी तालीम संघाने लेखी मागणी करावी. सुई सापडली तर शिक्षा केवळ मुलाला नको. ती पुरवणाऱ्यावर गुन्हा नोंदवावा.

इनामाची रक्कम मैदानापूर्वी कमिटीच्या खात्यात जमा असावी आणि तीच पत्रकावर छापावी. मैदानानंतर आठवड्याभरात जमाखर्च ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा.

ज्या मुलाविषयी मी वर लिहिले, त्याच्या उपचारांचा खर्च संबंधित कमिटीने द्यावा, ही मागणी मी त्यांच्याकडे स्वतंत्रपणे, बिलांच्या प्रतींसह, लेखी दिली आहे. तिचे उत्तर अद्याप आलेले नाही. ते यावे.

माझ्या तालमीतील एकही मल्ल या हंगामात डॉक्टर आणि विमा नसलेल्या मैदानात उतरणार नाही. शहरातील व तालुक्यांतील आणखी काही वस्तादांशी माझे बोलणे झाले असून तेही हीच अट घालण्यास तयार आहेत. मैदान ठरवण्यासाठी फोन येईल तेव्हा आम्ही इनाम विचारण्याआधी रुग्णवाहिकेचा क्रमांक विचारू. पुढील बैठक आपण चैत्र पाडव्याच्या आत बोलवावी आणि बाजूला ठेवलेला तो ठराव पहिल्या क्रमांकावर घ्यावा. मी हजर राहीन, आणि त्या मुलाचे वडील येण्यास तयार आहेत, त्यांनाही बोलू द्यावे.

कळावे.

आपला,
एका तालमीचा वस्ताद,
सोलापूर